पेटीतलं कानाचं यंत्र

माझी आई माणसांना भ्यायची नाही. नळावर तिच्या हंड्यापुढे हंडा सरकवायची कुणाची छाती नव्हती. पण ती कागदाला भ्यायची. त्यातून कागदावर जांभळा शिक्का असला तर त्याला हात लावण्याआधी ती हात धुऊन पदराला पुसायची. आमचं रेशनकार्ड तीन फडक्यांत बांधलेलं असे. दुकानात आमचा नंबर लागला की ती एकेक गाठ सोडत बसायची, मागची रांग कुरकुरायची, आणि मी दुसरीकडे बघत ही बाई माझी कुणी नाही असं दाखवायची. तिच्या या भीतीची मी पुष्कळ थट्टा केली आहे. तीच भीती माझ्या पोटात कधी येऊन बसली ते मला कळलंही नाही.

आम्ही लालबागला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाबा गिरणीत साचाखात्यात होते. तिथे शेकडो माग एकदम धडधडत, त्यामुळे माणसं बोलत नसत, एकमेकांचे ओठ वाचत. घरी आल्यावरही बाबा ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलायचे. त्या खात्यात त्यांचे कान निम्मे गेले होते. माझी धाकटी बहीण तर जन्मापासूनच बहिरी. त्यामुळे घरात त्या दोघांचं सगळ्यांत छान जमायचं. मी आणि आई नुसत्या ओरडत असू, आणि ते दोघं खोलीच्या दोन टोकांना बसून आवाज न करता गप्पा मारत.

दादरला मुक्या-बहिऱ्यांची एक शाळा होती. तेव्हा असंच म्हणत, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. शाळेला सरकारचं अनुदान होतं, फी नव्हती, म्हणून धाकटीचं नाव तिथं घालता आलं. ती सहा वर्षांची आणि मी अकरा वर्षांची असताना शाळेला सरकारकडून कानाची चार यंत्रं आली. शाळेत सगळ्या मुलांना मिळून वापरायचं एक मोठं यंत्र होतंच. ही चार मात्र मुलांनी घरी न्यायची होती. धाकटीच्या कानात थोडं ऐकू येण्याजोगं शिल्लक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून चारांत तिचा नंबर लागला.

तिच्या बाईंनी आम्हाला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. यंत्र एक वर्षासाठी. घरी रोज दोन तास कानात घालायचं आणि त्या वेळात कुणीतरी तिच्याशी सारखं बोलत राहायचं. वर्ष संपलं की सरकारी साहेब येऊन परीक्षा घेतील. मुलीची प्रगती दिसली तर यंत्र कायम, आणि पुढच्या वर्गांसाठी सरकारी शिष्यवृत्तीही. नाही दिसली तर यंत्र यादीतल्या पुढच्या मुलाला. अनुदान पहिल्या पाच वर्षांपुरतंच, शिष्यवृत्ती नसली तर त्यानंतर मुलीला शाळेत ठेवणं कठीण जाईल, हेही बाईंनी हळूच सांगितलं. म्हणजे धाकटीचं शिकणं त्या एका परीक्षेवर होतं. बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण आईला वेळ नव्हता आणि बाबांची पाळी असे.

मग बाबांनी एका छापील कागदावर सही केली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून घरी आल्यावर तो कागद तिनं माझ्याकडून वाचून घेतला. सदर उपकरण ही सरकारी मालमत्ता असून ते गहाळ अथवा नादुरुस्त झाल्यास त्याची जबाबदारी पालकावर राहील. असं काहीतरी होतं. मी शाळेत धडा वाचतात तसा ठणठणीत आवाजात वाचला.

"वाच गो परत," आई म्हणाली.

मी परत वाचला. नादुरुस्त म्हणजे काय ते तिनं विचारलं, मी सांगितलं. जबाबदारी म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. आज तो कागद आठवला की माझं डोकं फिरतं. मोडलं तर काय होईल ते त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, पण यंत्र रोज घाला असं एक ओळ खर्चून कुणी लिहिलं नव्हतं. ते तोंडी सांगितलेलं. आणि माझ्या आईच्या लेखी तोंडी सांगितलेलं ते वारं आणि लिहिलेलं ते ब्रह्मवाक्य.

यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढी एक पेटी, तिला वायर, वायरीच्या टोकाला कानात बसवायचा गुलाबी तुकडा. तो तुकडा ज्याच्या त्याच्या कानाचा ठसा घेऊन बनवावा लागतो. दातांच्या कवळ्या करणाऱ्या एका माणसानं धाकटीच्या कानात मऊ मेणासारखं काहीतरी भरून तो ठसा घेतला होता. पेटी कापडी पिशवीत घालून छातीवर अडकवायची.

पहिल्या दिवशी घरी यंत्र लावलं तेव्हा शेजारच्या तीन खोल्यांतली माणसं दारात जमली. मी बटण फिरवलं. तेवढ्यात मोरीत आईच्या हातून पितळी कासंडी पडली. धाकटी इतकी दचकली की तिनं दोन्ही हातांनी माझी वेणी धरली. पांढरीफटक झाली होती. मग तिनं मोरीकडे पाहिलं, कासंडीकडे पाहिलं आणि बोटानं खूण केली की परत पाड. आईनं ती कासंडी त्या संध्याकाळी किती वेळा पाडली त्याला गणती नाही. त्या भांड्याला शेवटपर्यंत पोचे होते.

हे सुख जेमतेम तीन आठवडे टिकलं. एकदा धाकटी यंत्रासकट मोरीवर वाकली आणि पिशवीचा बंद सुटला. यंत्र पाण्यात पडलं नाही, कठड्यावर अडकलं. पण आईनं ते पाहिलं. तिनं यंत्र उचललं, पुसलं, आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवून कुलूप लावलं.

"सरकारची वस्तू ती," ती मला म्हणाली. "फुटली तर खंयसून भरून देतलव आपण?"

शाळेत मोठं यंत्र आहे, तिथं हे न्यायची गरज नाही, असं तिनंच ठरवलं. घरी रविवारी तेवढं काढायचं, बाबा असतील तेव्हा. रविवारी ती धाकटीला कॉटवर मांडी घालून बसवी, देवाला दागिने घालावेत तसं ते यंत्र तिच्या अंगावर चढवी, आणि हलायचं नाही म्हणून बजावी. बाबा समोर बसून आपला घोगरा आवाज काढून तिला हाका मारीत. तासाभरात यंत्र परत फडक्यात. एरवीचे दोन तास आपण पाळीवर असताना होतात असंच बाबा धरून चालले होते.

आता माझं सांगते. आई चुकत होती हे मला कळत होतं. अकरा वर्षांच्या मुलीला एवढं नक्की कळतं. पण रोजच्या दोन तासांतून माझी सुटका झाली होती, आणि खाली पोरी लंगडी खेळत होत्या. धाकटीला शाळेतून आणायला मीच जायची. बाई दर महिन्याला एक नवा सेल माझ्या हातात ठेवून विचारायच्या, "घरी रोज लावता ना गं?" आणि मी मान हलवायची. सेल आईकडे दिला की तो पेटीत जायचा. आईच्या माथी सगळं मारून मोकळं व्हायचं तर ती मान कुणाची होती, हे मला सांगावंच लागेल.

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची होती. आमच्या चाळीच्या भिंती घोषणांनी भरलेल्या असत. गोळीबार होऊन गेला होता, पलीकडच्या गल्लीतला एक तरणा मुलगा त्यात गेला होता, आणि तरी माणसं मागे हटत नव्हती. सत्याग्रहाच्या तुकड्या निघत. तुकडीत नाव घालायचं, घोषणा देत जायचं, अटक करून घ्यायची. चाळीच्या यादीत बाबांचं नाव तिसरं होतं. एके दिवशी खालच्या मजल्यावरचे कारकून त्यांना जिन्यात म्हणाले, "तुझी सही आहे ना रे सरकारी कागदावर? तू तुरुंगात गेलास तर ते यंत्र ठेवतील होय पोरीकडे?" हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. बहुधा कुणीच नाही. पण बाबांनी दुसऱ्या दिवशी यादीतलं नाव खोडायला लावलं, आणि कारण सांगितलं नाही. सरकारनं पोरीला यंत्र दिलं म्हणून हा गप्प बसला, असं कुणी म्हटलं असतं ते त्यांना सोसलं नसतं. न सांगता जे म्हटलं गेलं ते त्याहून वाईट होतं.

एका सकाळी दाराशी वर्तमानपत्राचा पुडा सापडला. आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. बाबांच्या मनगटाच्या मापाच्या निवडून आणल्या असाव्यात इतक्या मोठ्या. बाबांनी पुडा पाहिला, परत गुंडाळला आणि पाळीवर गेले. त्या दिवसापासून जिन्यात कुणी त्यांच्याशी बोलेना. घरी आले की ते धाकटीला जवळ घेऊन मला विचारायचे, "आज काय काय आयकल्यान?" आणि मी खोटं सांगायची. आज दूधवाल्याची घंटा ऐकली. आज कावळा ऐकला. रोज एक नवा आवाज मला शोधून काढावा लागे. बाबांचा चेहरा तेवढ्यापुरता उजळायचा.

एकदा भर दुपारी गल्लीत दगडफेक झाली. मी गॅलरीत होते. शिट्ट्या वाजल्या, माणसं पळत आत आली, खालून वरपर्यंत धाडधाड दारं लागली. अश्रुधुरानं डोळे झोंबायला लागले. आणि मला दिसलं की चाळीच्या तोंडाशी, फाटकाकडे पाठ करून, धाकटी खडूनं फरशीवर काहीतरी काढत उकिडवी बसली आहे. तिच्या पाठीमागे पोलिसांची गाडी येऊन थांबली होती. मी जिवाच्या आकांतानं तिला हाक मारली. आख्ख्या चाळीनं ती ऐकली असेल, फक्त जिनं ऐकायची तिनं नाही. एक पोलीस काठी उगारून तिच्यावर खेकसत होता, आणि ती शांतपणे फुलाची पाकळी रंगवत होती. मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. मी पोचले तेव्हा तिनं नुकतंच वर पाहिलं होतं आणि त्या पोलिसाला खडूनं काढलेलं फूल दाखवत होती. त्याची काठी तशीच वर राहिली होती. मी तिला दंडाला धरून फरफटत आत आणलं. तिचा गुडघा फुटला.

वर आल्यावर आईनं तिला पोटाशी धरलं. मग श्वास बसल्यावर म्हणाली, "बरां झालां, मशीन पेटीत होतां. ह्या ओढाताणीत मोडलां असतां."

मला त्या क्षणी तिचा राग यायला हवा होता. यंत्र कानात असतं तर पोरीला निदान शिट्टी तरी कळली असती, हे मला तेव्हाही समजत होतं. पण मी खरंच मनात म्हटलं, हो, बरं झालं. भीती अशी एकदा घरात शिरली की ती सगळ्यांना एकाच तोंडानं बोलायला लावते.

वर्ष भरत आलं आणि शाळेकडून कार्ड आलं. पुढच्या शुक्रवारी परीक्षा, मुलाबरोबर पालकांनी हजर राहावं. ते कार्ड मीच वाचलं. आईला परीक्षेचं काही वाटलं नाही. यंत्र नवंकोरं आहे, एक ओरखडा नाही, मग भ्यायचं कशाला, असा तिचा हिशेब. बाबा तर खूश होते, त्यांनी त्या दिवसाची रजा टाकली. सगळी भीती एकट्या माझ्या वाट्याला आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. शिक्षा कुणाला होईल याचा मी विचार करायची. आईला नेतील, की सही बाबांची म्हणून बाबांना? मी ताटावरून तशीच उठायची. आईला वाटलं मला बाधलंय, तिनं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या.

शाळेतल्या एका मोठ्या मुलीच्या भावाकडून मी परीक्षा कशी घेतात ते काढून घेतलं. मुलाला भिंतीकडे तोंड करून बसवतात. साहेब मागून ढोलकं, घंटा, झांजा वाजवतात, हाक मारतात. ऐकू आलं की मुलानं हात वर करायचा. लहान मुलं घाबरतात म्हणून घरचं एक माणूस शेजारी बसू देतात. एवढं कळल्यावर मला उपाय सुचला, आणि तो इतका सोपा होता की मी त्या दिवशी पोटभर जेवले. धाकटीच्या शेजारी मी बसणार. मागे आवाज झाला की मी माझ्या पायाच्या अंगठ्यानं तिचा पाय दाबणार. पाय दाबला की तिनं हात वर करायचा.

आई बाजारात गेली की आम्ही सराव करायचो. भिंतीकडे तोंड, शेजारी मी. अंगठा दाबला, हात वर. तिला ते फार आवडलं. दोन दिवसांत ती एकदाही चुकेना. चौथ्या दिवशी मला काहीतरी वेगळं दिसलं. मी पाय दाबला की ती हात वर करायची आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या कानाला लावून मान डोलवायची. शाळेत ऐकू आलं की अशी खूण करायला शिकवलं होतं. म्हणजे तिला वाटत होतं, ऐकणं ते हेच. मी तिची समजूत दुरुस्त केली नाही. मला वाटलं, ही खूण साहेबांसमोर केली तर आणखीच बरं दिसेल.

शुक्रवारी आम्ही चौघं ट्रामनं दादरला गेलो. आई ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि यंत्राचं गाठोडं तिनं पोटाशी धरलं होतं. बाबांनी कपडे इस्त्री करून आणले होते. शाळेच्या बाकावर आमच्याआधी आलेली काही माणसं होती. त्यांत एक बाई चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीचं नाव यादीत पुढचं आहे, यंत्र कुणाकडून परत आलं तर ते हिला मिळेल, असं ती आईला सांगत होती. आई तिला समजूत घातल्यासारखी म्हणाली, "मिळेल हो, मिळेल." परक्यांशी बोलताना आई सांभाळून शुद्ध बोलायची.

आत जायच्या आधी आईनं धाकटीच्या कानात तो तुकडा घातला. तो बसेना. वर्षभरात पोरीचा कान वाढला होता आणि तुकडा होता तेवढाच. रविवारी सैलसर अडकवून भागायचं. आज आईनं अंगठ्यानं दाबून तो आत बसवला. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. यंत्र अंगावर असताना हलायचं नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साहेब चाळिशीचे, चष्मेवाले, बोलायला अगदी मऊ. मी कल्पनेत मिशा आणि छडी लावून ठेवली होती, तसं काही नव्हतं. आई, बाबा आणि शाळेच्या बाई मागच्या खुर्च्यांवर बसले. आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो. ढोलकं वाजलं. मी अंगठा दाबला. हात वर. घंटा वाजली, हात वर. साहेबांनी हळू आवाजात तिच्या नावानं हाक मारली, तरी हात वर आणि बोट कानाला. मागून बाबांचा हुंकार ऐकू आला. त्यांच्या त्या हुंकारात इतकं समाधान होतं की क्षणभर माझी भीती गेली. मला वाटलं, सुटलो.

साहेब पुढे आले, धाकटीच्या गालाला हात लावला, छातीवरची पिशवी नीट केल्यासारखी केली आणि परत मागे गेले. पुन्हा ढोलकं वाजलं. मी पाय दाबला, तिनं हात वर केला. झांजा वाजल्या, हात वर.

"ताई, तू जरा बाहेर जाऊन उभी राहतेस का?" साहेब मला म्हणाले. "यंत्र मी मघाशीच बंद केलं आहे."

मी तिच्या पायावरचा अंगठा काढून उठले. दाराबाहेर उभी राहिले, पण दार उघडंच होतं. साहेबांनी वाकून यंत्र चालू केलं, मागे जाऊन ढोलकं वाजवलं. धाकटी हलली नाही. त्यांनी जोरात वाजवलं. तिनं मान किंचित कलती केली, बस एवढंच. ते ढोलकं घेऊन अगदी जवळ आले. तिनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग वळून साहेबांकडे पाहिलं. तिला कळलं होतं की हा माणूस आपल्याला काहीतरी ऐकवायचा प्रयत्न करतो आहे. तिनं आपला पाय उचलला आणि त्यांच्या बुटापुढे केला. दाबा म्हणून. एक बोट तिनं कानाला लावून तयार ठेवलं होतं.

साहेबांनी ढोलकं खाली ठेवलं.

तिच्या कानातला तुकडा काढून त्यांनी उजेडात धरला, लाल झालेला कान पाहिला आणि आईला विचारलं, "हे किती वेळ लावत होता तुम्ही?"

आणि आईनं, देवाशप्पथ सांगते, अभिमानानं सांगितलं. ती खुर्चीवरून उठून पुढे आली. "नाही लावलं, साहेब. पेटीत ठेवलं होतं कुलपात. बघा कसं आहे ते. रविवारी तेवढं काढायचो." मग तिनं कमरेची पुरचुंडी सोडून सगळे सेल टेबलावर मांडले. "हे पण तसेच आहेत."

शाळेच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. बाबांना मागे बसून नीट ऐकू गेलं नव्हतं, पण आई बाजूनं त्यांना दिसत होती आणि ते तिचे ओठ बघत होते. ओठ वाचण्यात त्यांची कधी चूक होत नसे. त्यांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना सगळं कळलं. जिन्यातलं ते वर्ष, त्या बांगड्या, मी रोज आणून दिलेले ते आवाज. त्यांनी मला तिथं मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"मोडलं असतं तर आम्ही दुसरं दिलं असतं," साहेब म्हणाले. "मुलांच्या हातून मोडणारच. मोडकी यंत्रं परत येतात तेव्हा आम्हाला कळतं की ती वापरली."

"कागदावर तसं नव्हतं," आई म्हणाली.

साहेबांनी आपलेच कागद पुढे ओढले. मग यंत्र परत घेतल्याचं त्यांनी लिहिलं. बाईंनी मध्ये पडून सांगितलं की मुलीचं नाव परत यादीत शेवटी घालता येईल, पण पुढची यंत्रं कधी येतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शिष्यवृत्तीच्या रकान्यात साहेबांनी रेघ ओढली. वायरीपासून तो गुलाबी तुकडा सुटा करून तो त्यांनी आमच्याकडे दिला, दुसऱ्या कुणाच्या कानात तो बसणार नव्हता.

धाकटी पुढे आणखी तीन वर्षं त्या शाळेत गेली आणि मग घरी बसली. ती कुणाच्या आवाजाला कधी वळली नाही. बाबांनी दुसऱ्या आठवड्यात तुकडीत नाव घातलं, तुरुंगात जाऊन आले. चाळीनं त्यांना हार घातला. मला त्यांनी त्या दिवसाबद्दल कधीच काही विचारलं नाही, आणि त्यांच्या त्या न विचारण्याला मी त्यांच्या मरणापर्यंत भीत राहिले.

पण त्या शुक्रवारी आम्ही अजून शाळेतच होतो. यंत्र लगेच पुढच्या मुलीला द्यायचं ठरलं होतं, आणि आईनं बाईंकडे हट्ट धरला की ते मी माझ्या हातानं देते. ती बाकावरच्या त्या बाईपाशी गेली. बाबांची सही झाली होती तसलाच कागद त्या बाईच्या मांडीवर होता, सहीची शाई ओली होती. आईनं यंत्र तिच्या ओंजळीत ठेवलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत दाबून धरले.

"रोज घाला हो पोरीला," ती म्हणाली. पुढचं तिला शुद्ध बोलायचं सुचलं नाही. "रोज घाला. मोडलां तर मोडांदेत."

ती बाई होय होय म्हणून मान हलवत होती, आणि मान हलवता हलवताच यंत्र पदराच्या टोकात गुंडाळून घट्ट गाठ मारत होती.